इग्निशनच्या कपलरना डायइलेक्ट्रिक ग्रीस : दोन उन्हाळे, दोन पावसाळे वापरून

ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. परमाटेक्सची डायइलेक्ट्रिक ट्यून-अप ग्रीस, ८५ ग्रॅमची ट्यूब, इग्निशन कॉइलच्या (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) कपलरना, म्हणजे वायरींच्या टोकाच्या पिनांच्या प्लास्टिकच्या जोडांना, आणि स्पार्क प्लगच्या रबरी बुटांना (प्लगवर बसणाऱ्या टोप्यांना) लावायला घेतली होती, नागपूरचे दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे तिच्यावर निघाले, परत घ्यायची वेळ आली तर हीच घेईन. पण घाण झालेल्या पिनांवर तशीच थापली तर पैसे गेले समजा. आणि हे ज्या इलेक्ट्रिशियन काकांनी मला शिकवलं त्यांच्या कामाबद्दल पण लिहायचंय, म्हणून हा रिव्ह्यू लांबणार आहे.

गोष्ट २०२३ च्या जुलैची. माझी गाडी २०१३ ची, पेट्रोल, तीन सिलिंडर, प्रत्येकावर वेगळी कॉइल. मानेवाड्याहून निघाले होते, नरेंद्र नगरच्या रेल्वे पुलाखाली पाणी होतं, तिथलं पाणी नागपूरवाल्यांना नवीन नाही, फार नव्हतं पण समोरून बस गेली आणि तिची लाट सरळ बोनेटवर आली. पुलाखालून निघाले ठीकच, पण छत्रपती चौक येईस्तोवर गाडी झटके द्यायला लागली, पिकअप नाही, आणि चेक इंजिनचा लाइट लुकलुक करून राहिला. तो लाइट नुसता पेटलेला असला तर हळूहळू चालवत नेता येते पण लुकलुकत असला तर गाडी बाजूला घ्या, मिसफायर (सिलिंडरमध्ये ठिणगी नीट न पडणं) जोरात चालू असतो आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लायनीतल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्यालाच जाळते, मग खर्च कुठल्या कुठे जातो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मी तशीच ऑफिसला गेले.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी (कुठलं ते लिहीत नाही) स्कॅनर लावला, कोड निघाला पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर. कॉइल गेली म्हणाले. बदलली. दीड महिना गाडी मस्त चालली, मग पोळ्याच्या सुमारास झड लागली आणि मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या) दिवशी परत तेच झटके, परत तोच कोड. आता म्हणे मॅडम पूर्ण वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगाच, बदलावा लागेल. आकडा ऐकला आणि चावी परत मागून घेतली. मला राग याचा आहे की दोन्ही वेळा कोणी कपलर उघडून आत पाह्यलंच नाही. स्कॅनर फक्त एवढंच सांगतो की दोन नंबरला ठिणगी नीट पडून नाही राहिली. का नाही पडली ते त्याला दिसत नाही, ते माणसानं उघडून पाहायचं असते.

मग २३ सप्टेंबरची ती पहाट आली. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात. माझा मोठा भाऊ कॉर्पोरेशन कॉलनीत राहतो, त्याची गाडी सीटच्या वर बुडाली होती. टोइंगवाला चौथ्या दिवशी मिळाला आणि गाडी गेली घाट रोडच्या बाजूला एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. मी भावासोबत पाहायला गेले तर काकांनी त्याच्या गाडीचे सगळे कपलर खोलून एका पांढऱ्या चादरीवर ओळीनं मांडले होते, प्रत्येकाला मास्किंग टेपची चिठ्ठी, आणि एकेक हातात घेऊन भिंगानं पाहत होते. मला तिथंच वाटलं की आपली गाडी पण यांनाच दाखवायची.

ऑक्टोबरात नेली. काकांनी स्कॅनरला हातच नाही लावला. दोन नंबरच्या कॉइलचा कपलर काढला, उन्हाकडे धरला आणि मला म्हणाले, "इकडं पाय ताई." आत तीन पिना असतात, एक बारा व्होल्टची, एक अर्थिंगची, एक ईसीयूकडून (इंजिनच्या कॉम्प्युटरकडून) येणाऱ्या सिग्नलची. बारा व्होल्टवाली पिन हिरवी झाली होती, कडेला निळसर पावडर, नख लावलं की भुरभुर पडायची. बाकीच्या दोन तेवढ्या खराब नव्हत्या. एकीलाच एवढं का, विचारलं तर म्हणे तिथं व्होल्टेज आहे ना, ओल आणि करंट सोबत आले की प्लसवालं मेटल लवकर खाल्लं जाते. आणि ओल आली कुठून, तर त्या वायरीवर कपलरच्या मागच्या बाजूनं एक छोटं रबरी सील असते, अंगठीसारखं, ते एका कडेनं चिरलेलं होतं. साधारण तांदळाच्या दाण्याएवढी चीर. त्या चिरेसाठी मी कॉइल बदलून बसले होते आणि हार्नेस बदलायला निघाले होते.

"कॉइलचा काही गुन्हा नोता, कोनं बदलाले सांगितली?" काका विचारून राहिले आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्यांनी जे दाखवलं ते मला सगळ्यात कामाचं वाटलं. मी म्हटलं मीटरनं मोजून पाहा ना, सर्व्हिस सेंटरनं पण मोजलं होतं, बारा व्होल्ट बरोबर येऊन राहिले असं सांगितलं होतं. काका म्हणाले, "नुसत्या मीटरवर नको जाऊ, बल्ब लाव अन् मंग पाय." त्यांनी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट त्या वायरीला जोडला. बल्ब नसताना मीटरवर १२.४, बॅटरीवर होते तेवढेच. बल्ब लावला की १०.८ आणि बल्बही पिवळट. मीटर इतका कमी करंट ओढतो की गंजलेल्या पिनेतूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसते, खरं वजन पडलं की तिथंच अडते. कॉइलला चार्ज व्हायला मिळतात काही मिलिसेकंद, तेवढ्यात करंट पूर्ण नाही चढला तर ठिणगी लेचीपेची पडते, त्यात चढावर किंवा गिअर टाकून दाबलं की मिसफायर. नवी कॉइल दीड महिना का चालली तर कपलर काढता-घालताना पिन थोडी घासली गेली होती, तेवढ्यापुरता रस्ता मोकळा झाला होता. ऊन्ह होतं तोवर चाललं.

पुढचं पाहून तर मी गप्पच झाले. काकांनी त्या वायरीचं इन्शुलेशन इंचभर मागं सोललं, आतलं तांबं लाल नव्हतं, काळं पडलेलं. वायरीत बारीक बारीक तारा असतात, त्यांच्या फटीतून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं चढत जाते आणि बाहेरून वायर एकदम नवी दिसते. लखलखीत तांबं लागेस्तोवर त्यांनी कापत नेली, जवळजवळ अडीच इंच गेली. तेवढा नवा तुकडा जोडला, नवं टर्मिनल, नवं सील, क्रिम्पिंग प्लायरनं दाबून, वरून आतल्या बाजूला गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी). काळी टेप का नाही म्हटलं तर बोनेटच्या कोपऱ्यात कोणीतरी आधी मारलेली टेप दाखवली, नागपूरच्या उन्हानं तिचा गोंद वितळून वायरींवर चिकट ओघळ आला होता, टेप सुटून लोंबत होती आणि आत धूळ बसली होती. त्या टेपखालचा जोड नुसता पिळलेला होता. तो पण त्यांनी नीट करून दिला, वेगळे पैसे न घेता.

आता ग्रीसकडे येते, रिव्ह्यू तिचा आहे.

ही सिलिकॉनची ग्रीस आहे, रंगानं पांढुरकी पारदर्शक, हाताला केसांच्या जेलपेक्षा घट्ट आणि पेट्रोलियम जेलीपेक्षा चिवट लागते, वास जवळजवळ नाही. डायइलेक्ट्रिक म्हणजे करंट वाहून न नेणारी. इथंच सगळ्यांचा गोंधळ होतो, माझाही झाला होता, की करंट जायला पाहिजे त्या जागी करंट न नेणारी वस्तू कशाला लावायची. तर कपलर दाबून बसवला की पिनेची स्प्रिंग जिथं खरोखर टेकते तिथली ग्रीस दाबानं बाजूला सरकते, धातूला धातू लागतो, आणि आजूबाजूची जी मोकळी जागा असते, जिथं एरवी हवा आणि ओल शिरली असती, ती ग्रीसनं भरून जाते. काकांच्या शब्दांत, "ते करंटसाठी नसते, पानी अडवाले असते." म्हणूनच पिन आधी साफ पाहिजे. गंजावर लावली तर तुम्ही गंज आतमध्ये पॅक करून ठेवला आणि वरून टेकायची जागाही अडवली.

साफ करायला मी डब्ल्यूडी-४० स्पेशालिस्टचा कॉन्टॅक्ट क्लीनर घेतला. घेताना डबा नीट वाचून घ्या, कारण दुकानात मागितलं की समोर येतो तो नेहमीचा निळा-पिवळा डबा. तो वेगळा. त्याच्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजेच पाणी हटवणं, भिजलेल्या जागेचं पाणी काढायला तो छानच आहे, पण मागं हलका तेलकट थर राहतो, त्यावर आपल्याकडची धूळ बसते. कॉन्टॅक्ट क्लीनर उडून जातो, मागं काही ठेवत नाही आणि कपलरच्या प्लास्टिकला त्रास देत नाही. ज्वलनशील आहे, त्यामुळे इंजिन पूर्ण गार, आणि आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा (घड्याळ परत लावावं लागेल, चालते). मी स्प्रे मारून दातांच्या फटीत फिरवायचा जो बारीक ब्रश मेडिकलमध्ये मिळतो तो फिरवते, परत स्प्रे, मग पंधरा-वीस मिनिटं सुकू द्यायचं. पॉलिश पेपर अजिबात घासू नका. पिनांवर कथिलाचा पातळ थर असतो, तो गेला की उघडं पितळ राहते आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट वेगानं हिरवं होते. पिन खड्डे पडेपर्यंत खाल्ली गेली असेल तर ती बदलायचीच, साफ करून तिचं काही होत नाही.

ग्रीस किती, तर मुगाच्या दाण्याएवढी, एका कपलरला. मी पहिल्यांदा हावरटासारखी भरली होती आणि कपलर क्लिकच होत नव्हता, आतली ग्रीस बाहेर यायला जागा शोधत होती. बाहेरच्या मोठ्या रबरी सीलवर बोटानं एक पातळ हात, पिनांच्या तोंडाशी थोडी, बस. कपलर लावून क्लिक ऐकू आलं पाहिजे, न ऐकू आलं तर लॉक तुटलाय का बघा, आपल्या उन्हात ते प्लास्टिक कडक होऊन टचकन तुटते. प्लगच्या बुटाला आतल्या कडेवर पातळ हात. तिथलं काम वेगळं आहे, तिथं वीस-तीस हजार व्होल्ट असतात, ओल मिळाली की ठिणगी प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरून बाहेरच्या बाहेर पळते आणि काळी रेघ सोडून जाते. शिवाय बूट चिकटत नाही, पुढच्या वेळी काढताना फाटत नाही, हा एक फायदाच ट्यूबचे पैसे वसूल करतो.

उन्हाळ्याबद्दल स्वतंत्र लिहिते कारण इथं खरी परीक्षा झाली. माझी गाडी घेतली त्याच वर्षी, २०१३ च्या मे मध्ये, नागपूरचा पारा ४७.९ ला गेला होता. बाहेर इतकं तर बोनेटखाली किती असेल. काकांकडे जायच्या आधी शेजारच्या एकांच्या सांगण्यावरून मी एका सेन्सरच्या कपलरला पेट्रोलियम जेली लावून ठेवली होती, एप्रिलमध्ये उघडलं तर जेली वितळून वायरीवरून खाली ओघळलेली आणि रबराचं सील फुगून ढिलं पडलेलं. जेली चाळीस-साठ डिग्रीच्या मध्येच वितळते आणि पेट्रोलियमचं असल्यानं पुष्कळ रबरांशी तिचं जमत नाही. बॅटरीच्या लगांना आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या लावतात तिथं ठीक आहे, दर दोन महिन्यांनी पुसून परत लावता येते. कपलरच्या आत नको. सिलिकॉनची ग्रीस साधारण दोनशे डिग्रीपर्यंत टिकते. मी २०२४ च्या जूनमध्ये, मृगाच्या आधी, तिन्ही कॉइलचे कपलर उघडून पाहिले, ग्रीस जिथं लावली तिथंच होती, थोडी मळकट, पण पिना आत चमकत होत्या. पुढच्या वर्षी परत पाहिलं, तसंच.

आणि आपल्याकडे उन्हाळाच पावसाळ्याची वाट लावतो असं मला आता वाटते. मे महिन्यात रबर आणि प्लास्टिक वाळून चिरते, मग जूनमध्ये गरम इंजिनवर एकदम गार पाणी उडते, कपलरच्या आतली गरम हवा आकसते आणि त्या चिरेतून पाणी आत ओढून घेते. म्हणून बुडालेल्या गाडीतच गंज येतो असं नाही, एका लाटेनं पण येतो. वॉशिंग सेंटरवर मुलं बोनेट उघडून प्रेशरचा पाइप मारतात त्यानं तर येतोच. मी आता बोनेट उघडूच देत नाही, ओल्या फडक्यानं घरी पुसते.

कुठं लावू नये हे कोणत्या ट्यूबवर ठळक लिहिलेलं नसते म्हणून लिहिते. ऑक्सिजन सेन्सरच्या कपलरला नाही. बऱ्याच सेन्सरना बाहेरची हवा वायरीतूनच आत घ्यावी लागते आणि सिलिकॉननं सेन्सर खराब होतो. रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचच्या) आत, किंवा जिथं उघडझाप होताना ठिणगी पडते अशा कुठल्याही पॉइंटला नाही, ठिणगीत सिलिकॉन जळून वाळूसारखा थर होतो आणि करंटच बंद. चावीच्या स्विचमध्ये पण नाही. आणि दुकानदारानं तांब्याची किंवा कार्बनची करंट नेणारी ग्रीस हातात दिली तर परत करा, तीन पिनांच्या कपलरमध्ये ती पसरली की पिना आपसात जुळल्या.

ग्रीसमधलं न आवडलेलं म्हणजे हाताला लागलेली साबणानं निघत नाही, ओढणीला लागली तो डाग अजून आहे, आणि जिथं सांडली तिथं नंतर रंग धरत नाही, त्यामुळे बॉडीवर बोट पुसू नका. कपलरच्या बाहेर राहिलेल्या ग्रीसवर धूळ जमते, ती कापडानं पुसून घ्यायची. हे सगळ्याच सिलिकॉन ग्रीसचं असते. एका गाडीसाठी ८५ ग्रॅम भरपूर होतात, दोन-तीन घरात मिळून घेतली तर चांगलं.

काकांच्या सर्व्हिसचं म्हणाल तर काम दहापैकी दहा. वेळेच्या बाबतीत तयारी ठेवून जा, सकाळी दहाला गाडी लावली ती संध्याकाळी साडेसहाला मिळाली, कारण एक कपलर सांगितला तरी ते इंजिनच्या अर्थिंगची पट्टी, क्रँक सेन्सर, सगळं उघडून पाहतात. माझी अर्थिंगची पट्टी पण बॉडीला जिथं बोल्टनं बसते तिथं गंजली होती, ती घासून, कसून, वरून ग्रीसचा हात मारून दिली. फोन उचलत नाहीत, कार्डबिर्ड चालत नाही, बसायला एक लाकडी स्टूल. पण काय काढलं आणि काय घातलं ते हातात आणून देतात, ती हिरवी पिन अजून माझ्या डॅशबोर्डच्या खणात कागदात गुंडाळून आहे.

तेव्हापासून मिसफायरचा कोड एकदाही आला नाही. नरेंद्र नगरच्या पुलाखालून मी अजून जाते, पाणी दिसलं तर मात्र मागे फिरून दुसऱ्या रस्त्यानं.

ट्यूब अर्ध्याच्या वर शिल्लक आहे. दिवाळीत बाबांच्या गाडीचे कपलर उघडणार आहे, त्यांनाही सकाळी स्टार्ट करताना झटका येऊन राहिला. आधी बल्ब लावून मोजते, काय निघते ते खाली लिहीन.